बारीक मीठ की खडे मीठ?
दोन्ही मुळात सोडियम क्लोराइडच, फरक दाण्याचा. बारीक मीठ चमच्यात दाटून बसतं. सपाट चहाचा चमचा भरला की साधारण 6 ग्रॅम. खड्यांच्या मधे हवा राहते, म्हणून तेवढ्याच चमच्यात मीठ कमी भरतं. एकाऐवजी दुसरं वापरताना वजन करूनच घ्या, नाहीतर पदार्थ खारट किंवा अळणी होणार. पीठ मळायला बारीकच बरं, लगेच विरघळतं. उकळत्या पाण्यात काहीही चालतं. रोजच्यासाठी मी मात्र आग्रहाने बारीक, आयोडीनयुक्त मीठच सांगेन, कारण थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतंच आणि खडे मिठात ते असेलच असं नाही. पाकीट वाचून घ्या. प्रमाण दोन्हींना सारखंच: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी.