पिवळ्या कॅप्सूल आणि आईचे गुडघे

गेल्या रविवारी तलावपाळीवरून घरी येताना एका सोसायटीच्या गेटवर ओळखीचा फ्लेक्स दिसला: ‘मोफत हाडांची तपासणी व गुडघेदुखी शिबिर’. कंपनीचं नाव बदललंय, पण फोटोतला पांढऱ्या कोटातला माणूस तोच. म्हणून लगेच लिहायला बसले.

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये हे शिबिर जुलैत झालं. आई अडुसष्टची, मधुमेह आहे, गुडघे दहा वर्षांपासून कुरकुरतात. टाचेला मशीन लावून तिची हाडं ‘धोक्याच्या पट्ट्यात’ असल्याचं सांगितलं. तिच्यासह गेलेल्या अकरा बायकांपैकी एकीचीही हाडं धड निघाली नाहीत. तिथेच मला शंका यायला हवी होती.

माहिती देणारा मुलगा आईला ‘आई’च म्हणायचा. आणि तो खोटं फार कमी बोलला, हीच ग्यानबाची मेख. हळदीला पिवळा रंग देणारं करक्युमिन तिच्यात जेमतेम तीन-चार टक्के असतं, नुसती हळद खाऊन ते रक्तात फारसं पोचत नाही, म्हणून आमच्या कॅप्सूलमध्ये ९५ टक्के अर्क आणि मिरीतलं पायपरीन. अमेरिकेनं हळदीचं पेटंट घेतलं होतं, ते आपल्या माशेलकरांनी परत आणलं. मी विज्ञानाची पदवीधर, माना डोलवत होते.

नंतर बसून एकेक तपासलं. पेटंट १९९५ सालचं, हळदीनं जखम भरण्याबद्दलचं. सीएसआयआरनं, म्हणजे माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सरकारी संशोधन संस्थेनं, आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झालं, कारण हा गुण नवा नाही, आपल्याकडे आधीपासून ठाऊक आहे. त्यात गुडघ्याचा संबंध नाही. ‘शोषण २००० टक्के वाढतं’ हा त्याचा आकडा १९९८ च्या बंगळुरूच्या अभ्यासातला: निरोगी माणसांना २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तर रक्तात जास्त पोचलं. कुणाचं दुखणं थांबलं का, हे तिथे मोजलेलंच नव्हतं. गुडघ्यांवरचे काही छोटे अभ्यास आहेत, थोडा आराम पडतो म्हणतात, पण हळूहळू, आठवड्यांच्या हिशोबानं.

आणि आई कॅप्सूल सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी कोपिनेश्वराला चालत जाऊन आली.

तीन महिन्यांच्या कोर्सचे साडेअठरा हजार आम्ही यूपीआयनं भरले होते, ते एका खासगी माणसाच्या खात्यात गेले. बिल मागितलं तर ‘कुरिअरनं येईल’. पण आई जिने चढत होती, तेव्हा बिलाचं कोण बघतं? उलट डोंबिवलीच्या मावशीलाही मीच एक खोका घ्यायला लावला. याची लाज अजून जात नाही.

गणपतीत सगळे म्हणाले, काकूंच्या चेहऱ्यावर तेज आलंय. ते तेज नव्हतं, सूज होती. भूक वाढली, झोप उडाली, बांगडी घासली तरी मनगटावर निळे डाग. उपाशीपोटीची साखर १३० वरून २४० वर गेली. आमच्या डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, “कुठलं ‘आयुर्वेदिक’ चालू आहे?” सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, नावापुरतंच आढळलं. बाहेरून, म्हणजे त्या कॅप्सूलमधून, स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, असं त्यांनी समजावलं. म्हणूनच एकदम बंद करायचं नाही, माणूस कोसळू शकतो. त्यांनी मोजून दुसऱ्या गोळ्या दिल्या आणि कित्येक आठवडे त्या कमी करत नेल्या. मावशीला त्याच दिवशी फोन केला. तिनं अर्धाच खोका संपवला होता, पण तिलाही तिच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

घरी येऊन मी एक कॅप्सूल फोडली. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वॉचमनकडून तंबाखूचा चुना आणला. एका बशीत डब्यातली हळद, दुसऱ्या बशीत ती पूड. हळद चुना लागताक्षणी रक्तासारखी लाल झाली. ९५ टक्के करक्युमिन तर तिच्याहून गडद व्हायला हवं होतं. ते तसंच पिवळं राहिलं, पाच मिनिटांनी, अर्ध्या तासानेही. स्टेरॉइडची फसवणूक कळली होती, पण त्यात हळदही नव्हती, हे बघून मात्र हसावं की रडावं कळेना.

मग खोका नीट वाचला. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचा, क्रमांक १४ आकडी असतो, यावर १३ च होते. उत्पादकाचा पत्ता म्हणून फक्त ‘महाराष्ट्र’. बॅच नंबर शाईच्या शिक्क्यानं मारलेला, ओल्या बोटानं पुसला गेला. हे सगळं जुलैतही तिथेच छापलेलं होतं.

एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, उरलेल्या कॅप्सूल आणि पैसे भरल्याची पावती देऊन तक्रार केली आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. त्या मुलाचा फोन बंद. उरलेल्या दहा बायकांपैकी सहा जणींनी तक्रारीवर सही केली. बाकीच्या म्हणतात, आम्हाला तर गुण आला. त्यातल्या दोघींना मधुमेह आहे. त्यांच्या मुलांना मी स्वतः जाऊन भेटले.

आईचे गुडघे पुन्हा पूर्वीसारखेच दुखतात. आता फिजिओथेरपी चालू आहे, रोज खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा वेळा. काल मोजता मोजता मधेच थांबली आणि म्हणाली, “पण तेव्हा दुखत नव्हतं गं.”