मशीन ठीक, डायल भिकार: पावसाळाभर वापरल्यानंतर

कंबरेतून डाव्या पायात उतरणारी सायटिकाची कळ ज्यांना माहीत आहे त्यांना इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे ठरावीक बिंदूंवर सुया टोचून त्यांतून हलका करंट सोडायचा उपचार, काय ते सांगायला नको. सुरुवात फोंड्यातल्या एका क्लिनिकमध्ये सुयांवर केली. दर खेपेची फी अंगावर यायला लागली तेव्हा घरी पॅडवालं मशीन आणलं. सुया घरी टोचायच्या नाहीत, पॅड त्याच बिंदूंवर लावायचे. सेलवर चालतं, म्हणजे पावसात वीज गेली तरी चिंता नाही. इथवर चार तारे दिले असते.

चतुर्थीच्या तोंडावर करंटचे सेकंदाला किती ठोके द्यायचे (हर्ट्झ) ते ठरवणारा डायल १०० हर्ट्झवर अडकला. दुकानदाराने मशीन उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "करंट येता न्ही? मागीर चलता पात्रांव." म्हणजे करंट येतोय ना, मग चालतंय की.

कसलं चलता! मी पैसे त्या डायलचेच मोजलेत. बीजिंगचे वेदना-संशोधक हान जिशेंग यांचं सगळं काम याच मुद्द्यावर उभं आहे: २ हर्ट्झचा करंट दिला की एन्केफॅलिन आणि बीटा-एन्डॉर्फिन ही शरीराची स्वतःची वेदनाशामक रसायनं सुटतात, १०० हर्ट्झला मज्जारज्जूत त्याच जातीचं डायनॉर्फिन. पहिली दोन म्यू आणि डेल्टा नावाच्या रिसेप्टरवर (पेशीवरचं कुलूपच म्हणा) काम करतात, डायनॉर्फिन कॅप्पावर. हे नुसत्या उंदरांचं नाही. १९९१ मध्ये त्यांच्या गटाने माणसांच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं, तेव्हाही २ ला एन्केफॅलिन जातीचं रसायन वाढलं आणि १०० ला डायनॉर्फिन. तिथे करंट पॅडमधूनच दिला होता, सुया नव्हत्याच. म्हणजे डायल अडकलेलं मशीन हे एकच बाटली उरलेलं औषधाचं दुकान. मला सगळ्यात जास्त आराम पडायचा तो २ आणि १०० आलटून पालटून देणाऱ्या मोडवर, कारण त्यात दोन्हीकडचा माल एकदम सुटतो. नेमका तोच गेला.

टायमरबद्दल मात्र मत बदललं. अर्ध्या तासाने मशीन आपोआप बंद पडतं याचा आधी संताप यायचा. सेल मी भरतो, हे कोण मला थांबवणार? पण करंट तासन्‌तास चालू ठेवला की मेंदूत कोलेसिस्टोकायनिन नावाचं रसायन वाढतं आणि ते एन्डॉर्फिनच्या कामावरच बोळा फिरवतं. आता टायमर हा या मशीनमधला सगळ्यात शहाणा भाग वाटतो.

"हे सगळं मनाचे खेळ" म्हणणारे मेहुणे आमच्याकडेही आहेत. १९७७ मध्ये अमेरिकेत दातदुखीवर सुयांनी आलेला आराम नॅलॉक्सोन टोचल्यावर उतरला. नॅलॉक्सोन अफूजन्य औषधांचा असर मोडतं, म्हणजे शरीराने स्वतःचं काहीतरी अफूसारखं सोडलं होतंच. मेहुण्यांच्या बाजूनेही एक सांगतो: कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखी आणि सायटिकासाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असंच म्हटलंय. मलाही आराम संध्याकाळपर्यंतच टिकतो, सरकलेली चकती काही जागेवर येत नाही. पेसमेकर असलेल्यांनी तर या भानगडीत पडूच नये.

कंपनीने नव्या सर्किटचे जवळजवळ निम्म्या मशीनचे पैसे मागितले. शेवटी म्हापशाच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने डायल काढला, गंजलेला पत्रा घासला, चहाच्या पैशात काम केलं. कंपनीला दोन तारे. तिसरा त्या रेडिओवाल्याचा.