कॉन्टेसा १.८: हेडर बसवावा की बिडाचा मॅनिफोल्डच नीट करून घ्यावा?

मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढच्या पाईपात सोडणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग; हेडर म्हणजे त्याच्या जागी बसवायचे वेल्ड केलेले वेगवेगळे पाईप. ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांना तो आधीच देते. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कंपनीचा, कार्बोरेटर कंपनीचा आणि गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर बिडाचा मॅनिफोल्ड दुरुस्त करून घ्या, त्याला फेसिंग मारून, म्हणजे बसायची बाजू सपाट घासून घ्या, पुढचा पाईप चांगला करा आणि हेडरचे पैसे वाचवा. मी दोन्ही प्रकार माझ्याच गाडीवर, एकाच वर्कशॉपकडून करवून घेतले आहेत. त्या वर्कशॉपने बनवलेला हेडर हे मी नाशकात पाहिलेलं सर्वात सुबक फॅब्रिकेशन आहे, हेही तितक्याच खात्रीने सांगते. काम उत्तम असणं वेगळं, ते आपल्या गाडीला हवं असणं वेगळं.

माझ्याकडे कॉन्टेसा १.८ जीएलएक्स आहे, आयसुझूचं पेट्रोल इंजिन. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये व्हॉक्सहॉल व्हीएक्सच्या बॉडीवर ही गाडी आणली तेव्हा आत अँबॅसिडरचंच जुनं १४८९ सीसीचं इंजिन होतं, जेमतेम ५० हॉर्सपॉवरचं. एवढं लांब बॉनेट आणि खाली तो जीव! मग १८१७ सीसीचं आयसुझू आलं, ८८ हॉर्सपॉवर आणि पाच गिअर, आणि गाडी तिच्या रूपाला शोभेल अशी पळू लागली. आपल्याकडे हिला मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची ताकदवान गाडी, म्हणतात. अमेरिकन व्ही-आठशी, म्हणजे तिथल्या आठ सिलिंडरच्या इंजिनांशी, आकड्यांत तुलना नाही, पण मॅनिफोल्ड की हेडर हा वाद तिथे जो चालतो तोच इथेही चालतो, आणि त्याचं उत्तरही बरंचसं तेच आहे.

माझ्या मॅनिफोल्डला तडा गेला होता. सकाळी थंड गाडी चालू केली की टक-टक-टक, आणि दहा मिनिटांत गरम झाली की आवाज गायब, कारण बीड फुगून तडा मिटतो. बरेच जण याला टॅपेटचा आवाज समजून व्हॉल्व्ह सेट करत बसतात. एका गॅरेजने तो तडा साध्या रॉडने वेल्ड करून दिला. थोड्याच दिवसांत वेल्डच्या अगदी कडेने नवा तडा गेला. बिडाला साधा रॉड मारला की वेल्डलगतचा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि थोड्याच तापण्या-निवण्यांत सुटतो. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात बीड देऊ नये.

तेव्हा अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरचं नाव कळलं. शेड लहान आहे, बाहेर पाटी नाही. मालक स्वतः टिग वेल्डिंग करतात. ओझरला विमानांच्या पाईपांचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराकडे त्यांची उमेदवारी झाली आणि ती सवय हातात राहिली आहे: प्रत्येक जोड आधी घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, मगच वेल्ड. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "ताई, कॅम बदलणार आहात का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग हेडर मी बनवून देईन, पण तुम्हाला फार फरक वाटणार नाही. ठरवा." धंदा समोर असताना असं तोंडावर सांगणारा माणूस मला आवडतो. मी दोन्ही करा म्हटलं. जुना मॅनिफोल्ड निगुतीने दुरुस्त होईपर्यंत हेडर लावून चालवायचा आणि मग अदलाबदल करून पाहायचं.

हेडर म्हणजे चार सिलिंडरला चार वेगळे पाईप, ते पुढे जाऊन जुळतात. बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये सगळ्यांचा धूर एका आखूड दालनात येतो. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर १८० अंशांना एक सिलिंडर धूर सोडतो. आधीच्याचा व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नसताना पुढच्याचा दाबाचा धक्का दालनात येतो आणि उलटा आत शिरू पाहतो. हेडरमध्ये तो धक्का लांब ठेवला जातो, आणि पाईपची लांबी जुळली तर पुढे गेलेला धूर मागच्याला ओढूनही घेतो. माझा हेडर चार-दोन-एक आहे, म्हणजे चार पाईपांचे आधी दोन होतात, मग एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. जोडीतल्या दोघांमध्ये पूर्ण ३६० अंशांचं अंतर राहतं. अमेरिकेत यालाच ट्राय-वाय म्हणतात. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० वर, म्हणजे शेल्बीने रेससाठी बदललेल्या फोर्ड मस्टँगवर, हाच प्रकार होता.

त्या शेल्बीचं उदाहरण मुद्दाम घेते, कारण हेडरवाले तेच दाखवतात: मस्टँगचं २८९ हाय-परफॉर्मन्स इंजिन २७१ हॉर्सपॉवरचं, शेल्बीकडे गेल्यावर ३०६. पण त्या पस्तीस घोड्यांत हेडर एकटा नव्हता. सोबत उंच अ‍ॅल्युमिनियम इनटेक (हवा आत नेणारा मॅनिफोल्ड) होता आणि मोठा होली कार्बोरेटर होता. आत हवा जास्त गेली म्हणून बाहेर मोकळी वाट लागली. उलट बाजूने पाहा. मूळच्या २७१ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर बिडाचाच मॅनिफोल्ड होता. क्रायस्लरने १९६२ च्या मॅक्स वेजला, म्हणजे थेट ड्रॅग रेसच्या इंजिनालाही, बिडाचेच मॅनिफोल्ड दिले, फक्त त्यांच्या वाटा लांब आणि वर वळवलेल्या ओतल्या. म्हणजे बीड वाईट नाही, आत वाट कशी ओतली आहे ते बघायचं.

आता हेडरचं काम. फ्लँज, म्हणजे इंजिनाला बोल्टने बसणारी पट्टी, १० मिमी प्लेटचा, लेझरने कापलेला, आणि दर दोन पोर्टच्या (धूर बाहेर पडायच्या तोंडांच्या) मधोमध करवतीने खाच मारलेली. ती खाच का, ते विचारलं. पाईप ३०४ स्टेनलेसचे आहेत, आणि हे स्टेनलेस बिडापेक्षा दीडपटीहून जास्त वाढतं. ४० सेंटिमीटर लांबीत ४०० अंश तापमान वाढलं तर बीड साधारण पावणेदोन मिलिमीटर वाढतं, स्टेनलेस पावणेतीन. पाईप फ्लँजला ताणणारच. फ्लँज अखंड असेल तर तो वाकतो आणि गॅस्केट जळतं. खाच असेल तर प्रत्येक पोर्ट आपापला सरकतो. स्टडची भोकंही त्याच कारणासाठी किंचित लांबट.

पाईपची निवडही विचारपूर्वक. मी मोठा व्यास सुचवला नव्हता, पण बाजारात ४५ मिमी लावून देणारे आहेत. यांनी ३८ मिमी घेतला. एवढ्या इंजिनाला पाईप मोठा झाला की धुराचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी होते. जोड आतून दाखवायला त्यांनी पोर्टमध्ये टॉर्च धरला. आत वेल्डिंगचा एकही ओघळ नाही, कारण वेल्ड करताना पाईपच्या आतून आर्गॉन सोडला होता. बहुतेक ठिकाणी बाहेरून चकचकीत आणि आतून काळा खवल्या-खवल्यांचा जोड मिळतो. तो आतला खरबरीत भाग नेमका धुराच्या वाटेत येतो, आणि हेडर घेतला त्याचाच फायदा तिथे जातो. तुम्ही कुठेही हेडर बनवाल तर आधी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा.

चालवल्यावर काय? कसारा घाट हाच माझा मोजमापाचा रस्ता. समृद्धीच्या बोगद्याने हल्ली सगळे जातात, मी मुद्दाम जुन्या घाटाने आणली. मुंबईहून परतताना चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ३००० च्या वर गाडी स्पष्टपणे मोकळी वाटली, आवाजही छान भरदार. पण २५०० च्या खाली, म्हणजे जिथे मी नव्वद टक्के वेळ असते, तिथे काहीच फरक नाही. कंपनीच्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ इतका थोडा असतो की हेडरच्या ओढीला काम करायला वेळच मिळत नाही. शिवाय प्लग काढून बघितले तर पांढरट पडलेले, मिश्रण पातळ झालेलं. मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक साईज वाढवावा लागला आणि अ‍ॅव्हरेज तेवढं घसरलं.

उष्णतेचं प्रकरण मात्र सर्वात मोठं. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. द्वारका सर्कलला गाड्या अडकल्या की पातळ पाईप बॉनेटखालचं सगळं तापवतात. मला दोनदा गरम गाडी पुन्हा चालू करताना पेट्रोल उकळल्याचा त्रास झाला. हेडरला गुंडाळायची पट्टी मिळते, पण ती ओल धरून ठेवते आणि पाईप पट्टीखाली कुजवते. पावसाळ्यात गंगापूर रोडला राहणाऱ्याने ती लावू नये. सिरॅमिक कोटिंग हा खरा उपाय, त्याचा खर्च वेगळा. आणि कलेक्टर, म्हणजे पाईप जुळतात तो भाग, खाली येतो. चार माणसं बसवून आमच्या कॉलनीतल्या गतिरोधकावरून गेले की तो घासतोच.

आता बिडाचा मॅनिफोल्ड. हे काम पाहत मी शेडमध्ये उभी होते. आधी जुनं वेल्ड पूर्ण काढलं. तड्याच्या दोन्ही टोकांना छोटी भोकं पाडली, म्हणजे तो पुढे पळणार नाही. तडा व्ही आकारात खोदला. मग सगळा मॅनिफोल्ड भट्टीत तापवला, निकेलच्या रॉडने एकेक इंचाचे छोटे टाके मारले आणि प्रत्येक टाक्यावर लगेच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके, निवताना येणारा ताण सैल व्हावा म्हणून. शेवटी कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर निवू दिला. घाईने वारा लागला की काम फुकट.

दुसऱ्या दिवशी सरफेस ग्राइंडरवर फेसिंग. आधी सरळ पट्टी लावून पाहिली होती तेव्हा मधल्या पोर्टापाशी अर्ध्या मिलिमीटरचा फीलर (फट मोजायचं पातळ पातं) आरपार जात होता. फेसिंगनंतर सर्वात पातळ पातंही जाईना. मग नवं गॅस्केट पोर्टवर ठेवून आखलं आणि ओतकामाचा जो ओठ वाटेत येत होता तो घासून काढला. पुढचा पाईप एका साईजने मोठा आणि वळणं सपाट न करता वळवलेली. नट पितळी, म्हणजे पुढच्या वेळी स्टड तुटणार नाही. दोन-तीनदा गरम-थंड झाल्यावर नट पुन्हा कसून दिले.

हा मॅनिफोल्ड लावून त्याच घाटात आणली. वरच्या टोकाला हेडरपेक्षा किंचित कमी, पण तडकलेल्यापेक्षा खूपच चांगली. बिडाचा जाड देह आवाज पचवतो, त्यामुळे हेडरची ती टणटण नाही. पीयूसी दोन्ही वेळा पास झाली, सायलेन्सर मी कंपनीचाच ठेवला आहे.

खर्चात फरक मोठा. हेडर साधारण पंचवीस हजारांच्या घरात गेला, जेट आणि गॅस्केट धरून थोडा वर. मॅनिफोल्डचं वेल्डिंग, फेसिंग आणि नवा पाईप मिळून आठ हजारांच्या आत. वर्कशॉपबद्दल तक्रार एकच: दिलेला वार पाळत नाहीत, आणि दुपारी फोन उचलत नाहीत. गाडी त्यांच्याकडे सोडायची तर हातात सवड ठेवा. बाकी हिशेब कागदावर, उरलेलं मटेरियल परत, आणि काम झाल्यावर जुना मॅनिफोल्ड धुऊन-पुसून पिशवीत दिला. बिडाच्या कामासाठी माझी शिफारस बिनशर्त. हेडर फक्त त्यांनी घ्यावा ज्यांनी इंजिन उघडून कॅम आणि कार्बोरेटर बदलला आहे किंवा बदलणार आहेत.

माझा हेडर सध्या माळ्यावर आहे. असं इंजिन बांधलेलं कुणाकडे असेल तर मी तो द्यायला तयार आहे. येताना तुमच्या गाडीचं मॅनिफोल्ड गॅस्केट घेऊन या, फ्लँजवर ठेवून भोकं जुळतात का ते बघू, पैशाचं त्यानंतर.