व्हिडिओवर की समोरासमोर? महासाथीतली थेरपी

महासाथीत थेरपिस्टकडे जायचं की सेशन व्हिडिओवर घ्यायचं, हा प्रश्न पडला की लोक आधी इंटरनेटचा वेग तपासतात. मी आधी घरातलं दार बघेन. बोलताना आतून लावून घेता येईल असं एक तरी दार आहे का? ज्यांच्याबद्दल बोलायचंय तीच माणसं भिंतीपलीकडे बसली असतील तर आवाज आपोआप खाली येतो, वाक्यं अर्धी गिळली जातात. २०२० च्या टाळेबंदीत लोक बंद गाडीत बसून सेशन घ्यायचे ते उगाच नाही. हेडफोन लावले, दाराबाहेर रेडिओ चालू ठेवला, एखादं नाव तोंडाने न घेता चॅटमध्ये टाइप केलं, की बरंच निभतं. तेही जमणार नसेल तर क्लिनिकच बरं.

पण साथीच्या काळातलं क्लिनिक म्हणजे नेहमीचं क्लिनिक नव्हे. दोघांच्या तोंडाला मास्क, मध्ये अंतर, खिडक्या सताड उघड्या. ओठ थरथरले तरी कुणाला दिसत नाहीत. व्हिडिओवर निदान अख्खा चेहरा समोर असतो. मात्र छातीखालचं सगळं चौकटीबाहेर राहतं. पाय किती वेळ हलतोय, हे थेरपिस्टला कळतच नाही.

नजर तर जुळत नाहीच. तुमच्या डोळ्यांत बघणारा माणूस पडद्यावर किंचित खाली बघताना दिसतो. नजरानजर हवीच, असंही नाही म्हणा. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड रुग्णाला कोचावर झोपवून स्वतः मागे बसायचे. दिवसाचे आठ तास लोकांनी टक लावून पाहिलेलं आपल्याला सोसत नाही, असं त्यांनी १९१३ मध्ये लिहिलंय. मला जास्त खटकते ती शांतता. खोलीत थेरपिस्ट गप्प बसला की आपण आत उतरतो. व्हिडिओवर कुणी गप्प झालं की तोंडातून पहिलं वाक्य निघतं, ‘आवाज येतोय ना?’

चिंता आणि नैराश्यासाठी कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, व्हिडिओवरही साधारण तितकीच उपयोगी पडते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि ही काही साथीत निघालेली टूम नाही. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये १९५९ सालीच दुतर्फा टीव्हीवर ग्रुप थेरपी झाली होती. ओसीडीसाठी, म्हणजे नको ते विचार छळतात आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते त्या आजारासाठी, तर मी व्हिडिओलाच झुकतं माप देईन. हात धुण्याचा छळ चालतो तो घरातल्या बेसिनपाशी. फोन आरशाला टेकवायचा, नळाला हात लावायचा आणि थेरपिस्टच्या देखत न धुता उभं राहायचं. क्लिनिकमध्ये ते बेसिन कुठून आणणार?

उलट आत्महत्येचे विचार जोरात असतील, भास होत असतील, किंवा घरात मारहाण होत असेल तर निव्वळ व्हिडिओच्या भरवशावर राहू नका. लहान मुलंही पडद्यासमोर फार वेळ टिकत नाहीत.

व्हिडिओ निवडलात तर स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट बंद करा, त्याने फार दमायला होतं. सेशननंतरची पंधरा मिनिटं मोकळी ठेवा; एरवी ती परतीच्या वाटेवर आपसूक मिळायची. थेरपिस्टने सुरुवातीलाच ‘आत्ता कुठे आहात?’ असं विचारलं तर बिचकू नका, गरज पडली तर मदत कुठे पाठवायची हे त्याला ठाऊक हवं. तुम्हीही एक विचारून ठेवा: ऐन रडताना लाइन तुटली तर फोन कुणी कुणाला करायचा?