फॉरमॅट मारायच्या आधी ही फुकटची टूल्स चालवून बघा

लॅपटॉप मध्येच अडकायचा, फोटोंचं फोल्डर उघडलं की माउस फिरतोय पण बाकी सगळं ठप्प, आणि ज्याला विचारावं तो म्हणे फॉरमॅट मार. मी मारणारच होतो, पण म्हटलं आधी बघू तरी नक्की अडतंय कुठे.

पहिलं घेतलं प्रोसेस एक्सप्लोरर, म्हणजे विंडोजवर आत्ता कुठले प्रोग्राम (प्रोसेस) चालू आहेत ते दाखवणारं टूल. हे सिसइंटर्नल्सचं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच घेतली तरी टूल्स अजून फुकटच आहेत, इन्स्टॉल पण करायला लागत नाही, झिप उघडा की चालू. कुठल्या प्रोसेसने कुठली सुरू केली ते सरळ दिसतं, आणि फाइल डिलीट होत नसेल तर कंट्रोल एफ दाबून नाव टाका, कोणी धरून ठेवलीये ते कळतं. मला कळलं ते एवढंच की लॅपटॉप अडकलेला असताना सीपीयू अगदी निवांत होता, म्हणजे व्हायरसबियरसचा संशय बराच कमी झाला.

त्यांचंच ऑटोरन्स पण चालवलं, लॅपटॉप चालू झाला की आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी ते दाखवतं, त्यात मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवायचा ऑप्शन आहे तो आधी लावा नाहीतर यादी बघूनच डोकं गरगरेल. नको असेल त्याची फक्त टिक काढा, डिलीट करू नका, काही बिघडलं तर परत टिक करता येते.

खरा चोर सापडला क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये, हे डिस्कची तब्येत दाखवतं. उघडल्या उघडल्या निळ्याऐवजी (निळा म्हणजे ठीक) धोक्याचा पिवळा चौकोन, आणि खाली सी५ म्हणजे करंट पेंडिंग सेक्टरच्या ओळीत शून्य नव्हतं, म्हणजे डिस्कला तिचे तेवढे सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, वाचताच येत नव्हते म्हणून ती तिथेच परत परत प्रयत्न करत बसायची. एक सांगतो, त्यातले रॉ (मूळ मोजणीचे) आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबात असतात, १० दिसलं तर ते १६ असतं, सेटिंगमधून डेसिमल (आपले नेहमीचे आकडे) करून घ्या.

मेमरीचा म्हणजे रॅमचा संशय असेल तर ती तपासणारं मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर लावून ठेवा, तेही फुकटच.

आणि ते "१२०० एरर सापडल्या, दुरुस्तीसाठी पैसे भरा" वाले क्लीनर कृपा करून टाकू नका, मी पूर्वी टाकलेला, उलट स्टार्टअपला आणखी एक ओझं झालं.

फोटो त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर काढले, दोन फाइल्स नाहीच आल्या, बाकी सगळे वाचले. फॉरमॅट मारला असता तर विंडोज परत त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर चढलं असतं.