माइसेनची दोन ताटं: पिवळा सिंह की निळा कांदा?

दोन्ही नावं चुकीचीच. जर्मनीच्या सॅक्सनीतल्या माइसेनचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना 1710चा. तिथल्या ‘पिवळ्या सिंहा’च्या अंगावर पट्टे आहेत, तो बांबूला वळसा घालणारा वाघ आहे. ‘निळ्या कांद्या’तले कांदे म्हणजे डाळिंबं आणि पीच. युरोपातल्या लोकांनी ही फळं कांदे समजली, आणि तेच नाव रूढ झालं.

वाघ जपानच्या काकिएमोन या चिनी मातीवरच्या चित्रशैलीतून आला. लाल, पिवळा, निळसर हिरवा हे रंग भाजलेल्या झिलईवर (काचेसारख्या चकचकीत थरावर) चढवून ताट पुन्हा भट्टीत घालायचं. चित्र एका बाजूला, बाकी पांढरं मोकळं. हा संच सॅक्सनीच्या दरबाराचा.

कांदा साधारण 1740चा, चिनी नमुन्यावरून घेतलेला. इथे कोबाल्टचा निळा झिलईखाली जातो, त्यामुळे काटे-सुऱ्यांनी रंग खरवडला जात नाही. नक्षी मात्र काठोकाठ भरलेली. पुढे अनेक कारखान्यांनी ती उचलली, म्हणून माइसेनने या नक्षीतल्या बांबूच्या बुडाशी आपली खूण, दोन तलवारी, रंगवायला सुरुवात केली.

रोज जेवायला मी कांदाच घेईन. पण डोळा अडकतो तो वाघावर, त्या मोकळ्या पांढऱ्यामुळे.