पायथनमध्ये इम्पोर्ट: प्रत्येक फाइलमध्ये वेगळं की एका कॉमन फाइलमधून?

प्रोजेक्टच्या फायली वाढल्या की प्रत्येकीच्या माथ्यावर त्याच इम्पोर्टच्या, म्हणजे दुसऱ्या मॉड्यूलमधला (तयार कोडच्या फाइलमधला) कोड वापरायला मागवणाऱ्या ओळी दिसू लागतात: ओएस, जेसन, डेटटाइम, पांडाज. मग वाटतं, हे सगळं एका ‘कॉमन’ फाइलमध्ये टाकावं आणि बाकी ठिकाणी ‘फ्रॉम कॉमन इम्पोर्ट स्टार’ (स्टार म्हणजे त्यातली सगळी नावं) लिहून मोकळं व्हावं. सी-शार्पवाल्यांना तर हे साहजिकच वाटेल; तिथे २०२१ पासून ‘ग्लोबल युझिंग’ आहेच, एका फाइलमध्ये लिहिलं की सगळ्या प्रोजेक्टला लागू.

तेच मॉड्यूल दहा फायलींत इम्पोर्ट केलं म्हणून ते दहा वेळा लोड होत नाही. पहिल्यांदा मॉड्यूलचा कोड चालतो आणि ते ‘सिस डॉट मॉड्यूल्स’ या डिक्शनरीत जाऊन बसतं. पुढची इम्पोर्ट्स तिथूनच उचलतात. म्हणजे कॉमन फाइलने वेग वाढत नाही, वाचतं ते फक्त टायपिंग. आणि ते काम हल्ली एडिटरच करतो.

त्या बदल्यात काय जातं? समजा, कॉमनमध्ये कोणी ‘फ्रॉम ओएस इम्पोर्ट स्टार’ लिहिलं. त्यासोबत ओएसचं ‘ओपन’ येतं आणि पायथनचं स्वतःचं ‘ओपन’ झाकलं जातं. भलत्याच फाइलमध्ये साधी टेक्स्ट फाइल उघडायला जाल, तर ‘फ्लॅग्ज’ दिले नाहीत म्हणून टाइपएरर. त्या फाइलमध्ये ओएसचं नावही नसतं, मग शोधणार कुठे? शिवाय तारखेच्या एका छोट्या फंक्शनची टेस्ट चालवायची तरी अख्खं पांडाज लोड होणार. पेप ८ या पायथनच्या अधिकृत कोड-शैलीच्या मार्गदर्शिकेतही स्टार टाळा असंच सांगितलंय.

स्वतःच्या कोडसाठी मात्र एक जागा असणं सोयीचं असतं. पॅकेजच्या (म्हणजे मॉड्यूल्सच्या फोल्डरच्या) ‘इनिट’ फाइलमध्ये, जी पॅकेज इम्पोर्ट होताना आधी चालते, बाहेर द्यायची मोजकीच नावं ठेवा. फक्त आतल्या फायलींनी तीच नावं पुन्हा इनिटकडून मागवू नयेत, नाहीतर वर्तुळ तयार होतं आणि ‘पार्शली इनिशलाइज्ड मॉड्यूल’ असा एरर नशिबी येतो.

सेटिंग्जची गोष्ट वेगळी. ‘फ्रॉम सेटिंग्ज इम्पोर्ट डीबग’ लिहिलंत तर त्या क्षणीची व्हॅल्यू तुमच्या फाइलमधल्या नावाला चिकटते. नंतर कोणी ‘सेटिंग्ज डॉट डीबग’ बदललं तरी तुमच्याकडे जुनीच राहते. ‘इम्पोर्ट सेटिंग्ज’ करून दर वेळी ‘सेटिंग्ज डॉट डीबग’ वाचलंत की ताजी मिळते.

माझं मत सरळ आहे: बाहेरच्या लायब्ररी ज्या फाइलला लागतात तिनेच इम्पोर्ट कराव्यात. कॉमन फाइल चालेल ती नोटबुकमध्ये किंवा एकदा चालवून टाकून द्यायच्या स्क्रिप्टसाठी.

जुन्या प्रोजेक्टमध्ये स्टार आधीच घुसला असेल, तर ती ओळ काढा आणि ‘रफ’ (Ruff) हे कोडमधल्या चुका शोधणारं टूल चालवा. न सापडलेली नावं एफ८२१ या एरर-कोडखाली समोर येतील, ती एकेक भरत जा. ‘ओपन’सारखी झाकलेली नावं मात्र त्या यादीत येणार नाहीत, कारण रफच्या दृष्टीने ती पायथनमध्ये आहेतच. ती हातानेच शोधावी लागतात.